धाकटीचं पोलाद

माझी धाकटी बहीण पुण्यात यंत्रावर पोलादाचे भाग छापते. म्हणजे ते यंत्र पोलादाची तार वितळवतं आणि थरावर थर चढवत हवा तो भाग उभा करतं. मी शहाद्याजवळच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळते. शिकायची हौस दोघींनाही होती. पुण्याला मात्र तीच गेली; माझं शिक्षण पुढे जाण्याआधीच लग्न ठरलं होतं.

गेल्या हिवाळ्यात ती सारंगखेड्याला घरी आली. वडिलांनी तिने छापून आणलेला विटेएवढा जाड तुकडा टीव्हीशेजारी ठेवला. घोड्यांच्या जत्रेला आलेल्या पाहुण्यांना ते तो उचलायला लावत. "मन्ही धाकलीनी बनाडेल शे," धाकटीने बनवलंय, असं अहिराणीत अभिमानाने म्हणत. मीही माहेरी आले होते, पाहुण्यांना चहा आणून ठेवत होते.

तिच्या कंपनीतलं दांडी ओढून तोडून बघायचं मशीन बंद होतं, म्हणून अशाच तुकड्यातून कापलेल्या दांड्या ती माझ्या प्रयोगशाळेत घेऊन आली. थरांच्या दिशेने आडव्या कापलेल्या दांड्या आधी ओढल्या. त्या ताणल्या गेल्या, मध्ये बारीक झाल्या आणि मगच तुटल्या. चांगलं पोलाद असंच तुटतं. माझं तोंड कडू झालं.

मग थरांना छेदून उभी कापलेली दांडी मशीनच्या जबड्यात धरली. मनात म्हटलं, तूट. ती जेमतेम ताणली आणि फटकन तुटली. तुटल्या जागी दोन थर नीट न जुळल्याची बारीक फट दिसत होती.

बहीण फटीकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

"तुले बरं वाटनं ना, ताई?"

"हो," मी म्हटलं.

तिने पुढची दांडी उचलून माझ्या हातात दिली. उरलेल्या उभ्या दांड्या आम्ही एकेक करून ओढल्या. तुकड्याच्या कडेच्या नीट ताणून मगच तुटल्या, पोटातल्या मात्र फटकन. दोष जाड भागाच्या आत होता. तिने लगेच पुण्याला फोन लावला आणि "मी इथे सगळ्या तोडून बघितल्या," असं सांगू लागली. मशीनच्या मुठीवर माझा हात तसाच होता.

"आम्ही," मी मागून म्हटलं.

ती थांबली. मग फोनवर म्हणाली, "आम्ही दोघींनी. माझी मोठी बहीण इथली प्रयोगशाळा सांभाळते."

माझी जळजळ काही त्याने गेली नाही. पण त्या संध्याकाळी मी तिला स्कूटीवर घरी आणलं आणि वाटेत थांबून दोघींनी उसाचा रस घेतला.