बारा आठवडे न सांगितलेली गोष्ट

१९९९ च्या जुलैअखेर, एका सोमवारी सकाळी, धारवाडच्या प्रसूतितज्ज्ञ डॉक्टरबाईंनी माझ्या रक्ताचा अहवाल वाचून दाखवला. मला तेरावा आठवडा चालू होता. एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी तपासणी, ९.४ आली होती. ती सातच्या आत हवी होती.

"शुगर आहे हे दोन वर्षांपासून माहीत आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दिवस राहिलेत हेही जूनमध्येच कळलं. मग शुगरच्या डॉक्टरांना का नाही सांगितलं?"

"तीन महिने भरेपर्यंत कुणालाच सांगत नाहीत आमच्यात," शेजारी बसलेल्या सासूबाईंनी उत्तर दिले.

"डॉक्टरही 'कुणाला'मध्ये येतात होय, अक्का?"

आम्ही उणकलला नव्या वसाहतीत राहत होतो. यजमानांचे कापडाचे दुकान हुबळीच्या बाजारात होते. मधुमेहाचे डॉक्टर त्याच गल्लीत बसत आणि त्यांचा कंपाउंडर सासूबाईंच्या मावसभावाचा मुलगा होता. "त्याला कळलं की संध्याकाळपर्यंत बेळगावात सगळ्या नातलगांना कळतंय," असे सासूबाई म्हणत. मला ते पटले होते. मे महिन्यातच साखर वाढलेली आढळली होती आणि औषध बदलायचे का, ते जूनच्या फेरीत ठरणार होते. मी जूनलाही गेले नाही, जुलैलाही नाही. जुन्या गोळ्या घेत राहिले. मळमळ थांबावी म्हणून मोरावळा आणि बिस्किटे खात होते.

डॉक्टरबाईंनी केसपेपरच्या पाठीवर आठवड्यांची एक रेघ काढली आणि तिचा सुरुवातीचा भाग गडद केला. "बाळाचं हृदय आणि पाठीचा कणा एवढ्या दिवसांत घडतो. तेव्हा आईच्या रक्तात साखर जास्त असेल तर घडण्यात दोष राहण्याचा धोका वाढतो. वाढतो म्हटलं मी. दोष राहतोच, असं नाही म्हटलं."

"म्हणजे माझ्यामुळं झालं का हो हे?" सासूबाईंनी विचारले.

"ते कोर्टात विचारा. इथं इन्सुलिनचं बोलू. होगलि बिड्री, झालं ते झालं."

त्याच दुपारी मला दाखल करून घेतले. गोळ्या बंद झाल्या, इन्सुलिन सुरू झाले. फॉलिक ॲसिडची गोळीही दिली. कणा नीट जुळावा म्हणून हे जीवनसत्त्व दिवस जाण्याआधीपासून घ्यायचे असते. मी ते घेतले नव्हते. स्वतःला सुई टोचायला परिचारिकेने शिकवले. "आधी संत्र्यावर शिका," ती म्हणाली, "संत्रं ओरडत नाही." चौथ्या दिवशी मी घरी आले.

त्यानंतरच्या पहिल्या फेरीला सासूबाई स्वतः माझ्याबरोबर मधुमेहाच्या डॉक्टरांकडे आल्या. कंपाउंडरला म्हणाल्या, "आमचा नंबर पहिला लाव. आणि बेळगावला फोन करायचा तर कर बाबा आता."

"केव्हाच कळलंय तिथं, आत्या," तो म्हणाला.

इन्सुलिनचे प्रमाण वाढत गेले. सकाळी दहा युनिटपासून सुरुवात झाली होती, आठव्या महिन्यात बत्तीस लागत होते. वार, म्हणजे बाळाला पोसणारा अवयव, असे हार्मोन सोडते की आईच्या शरीरात इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. डोस वाढणे म्हणजे आजार बिघडणे नव्हे, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते. त्यामुळे आकडा बघून मी घाबरले नाही. ऑक्टोबरात एचबीए१सी ६.३ आली.

पण ज्या आठवड्यांत हृदय घडले, त्यांच्यावर या आकड्याचा काही परिणाम होणार नव्हता.

एकोणिसाव्या आठवड्यात हुबळीत ॲनोमली स्कॅन झाला. बाळाच्या अवयवांत काही व्यंग आहे का, ते या सोनोग्राफीत पाहतात. पोटभर पाणी पिऊन बसलेल्या बायकांत माझा नंबर सातवा होता. स्कॅन करणाऱ्या डॉक्टरांनी कणा वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिला. "पूर्ण आहे," ते म्हणाले. मग हृदयापाशी बराच वेळ थांबले. "इथं मला खात्री नाही. बेंगळूरला जाऊन या."

तेविसाव्या आठवड्यात बेंगळूरला फीटल इको झाला. ही पोटातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात एक लहान छिद्र होते. बाकी हृदय नीट होते.

"साखरेमुळेच पडलं का?" यजमानांनी विचारले.

"तसं मी लिहून देणार नाही," तिथले डॉक्टर म्हणाले. "साखर नीट असलेल्या आयांच्या बाळांनाही पडतं. एवढी लहान छिद्रं पुष्कळदा आपोआप बुजतात. बुजलं नाही तर उपाय आहे. बाळाला जन्माला येऊ दे, मग मोजू."

२००० च्या जानेवारीत, अडतिसाव्या आठवड्यात, धारवाडला सिझेरियन झाले. मुलगी झाली. वजन तीन किलो चारशे ग्रॅम. पहिले दोन दिवस तिच्या टाचेतून रक्त घेऊन साखर तपासत होते, कारण अशा बाळांची साखर जन्मानंतर एकदम उतरू शकते. एकदा उतरली, दूध पाजल्यावर वर आली. तिसऱ्या दिवशी केलेल्या इकोत छिद्र होते तेवढेच दिसले.

ज्यांना आधीपासून मधुमेह किंवा थायरॉइडचा आजार आहे, त्यांनी मूल हवे असे ठरवले की लगेच डॉक्टरांना सांगावे. दिवस राहीपर्यंतसुद्धा थांबू नये. चालू गोळी आपल्या मनाने बंद करू नये आणि आपल्या मनाने तशीच चालूही ठेवू नये. नातेवाइकांना हवे तेव्हा सांगता येते. ते तीन महिने थांबले तर बाळाचे काही बिघडत नाही.

मुलगी सहा महिन्यांची असताना केलेल्या इकोत छिद्र निम्म्याहून लहान झाले होते. या काळात तिचे वजन वाढत होते, दूध पिताना धाप लागत नव्हती, औषध काही नव्हते.

२००१ च्या मार्चमध्ये, ती चौदा महिन्यांची असताना, पुन्हा इको झाला. डॉक्टरांनी पडदा तीन बाजूंनी पाहिला. छिद्र बुजले होते.