बंधाऱ्यात सोडलेले दोन मासे

हे मी आजवर कोनाले बोललो नाही — बायकोलेही नाही. तुमी म्हनसान, मंग आज काहून? काय सांगू! लय वर्षं पोटात ठेवलं, आता तेथं जागाच उरली नाही.

चांदूर बाजारजवळच्या एका गावात मी मास्तर आहो. शाळेत विज्ञान शिकवतो — हे ध्यानात ठेवजा, पुढं कामी येते.

आमचं घर महानुभाव. मासळी सोडाच, अंडंही उंबरठा ओलांडत नाही. पन पोरीनं हट्ट धरला, म्हनून अमरावतीहून काचेची टाकी आनली. तिच्यात काच चाटून साफ ठेवनारे दोन काळे, खरबरीत मासे. आनले तवा बोटभर, दोन वर्षांत वीतभर! टाकीत वळता येईना त्याईले. एकाची शेपटी तर झाकनात सापडून अर्धी तुटली. आई म्हने, जीव आहे बाप्पा, सोडून दे पान्यात. मी बकेटीत घातले अन् नाल्यावरच्या बंधाऱ्यात सोडून आलो. आईनं त्या दिवशी शिरा केला. पुन्यवान मानूस म्हनून मी दोन वाट्या हानला.

आता त्या बंधाऱ्यावर शंकरभाऊ भोयाचं पोट. त्याईच्या झिंग्यांची पाटी बाजारात टेकली का दहा मिनिटांत साफ! मी खात नाही, पन गर्दी पाहिली आहे ना. तीन-चार पावसाळे गेले अन् झिंगे सरत आले. जाळ्यात नुसते काळे, काटेवाले मासे — जाळं फाडून राहिले. एक दिवस त्यातला एक घेऊन शंकरभाऊ शाळेत आले. म्हने, सर, तुमी शिकले-सवरले, हे कुठून आलं असंल?

शेपटी अर्धी होती. मी ओळखनार नाही? दोन वर्षं दाना टाकला होता त्याले!

अन् मी काय बोललो — चार मास्तरांसमोर? तुमचं जाळं लय बारीक, पिल्लंही धरता, म्हनून झिंगे सरले. अन् हा मासा? पुरात आला असंल. दनकून सांगितलं, फळ्यावर लिहून देल्यावानी. बाहेरचा जीव आपल्या पान्यात सोडू नये, हा धडा मी त्याच आठवड्यात शिकवला. चांगला रंगला.

शंकरभाऊनं बारीक जाळं माळ्यावर टाकलं. आठ दिवस बसून मोठ्या भोकांचं नवं विनलं. आता सकाळी बंधाऱ्यावर जातात अन् दुपारी दुसऱ्याच्या वावरात रोजानं.

परवा आले — हसत. डब्यात पानी, पान्यात पाच झिंगे, जित्ते. विकायले नाही, मले दाखवायले आनले होते.

"सर, तुमचं आयकलं म्हनून एवढे तरी वाचले."

मी डब्यात वाकून पाहिलं. मोठे चपळ होते पाचही.

"हो," मी म्हटलं.