स्कॅनसाठी घेतलेला श्वास

मंडळी, ह्यांच्या फुफ्फुसातल्या गाठीला रेडिएशन द्यायचे आहे. त्याच्या नियोजनाचे स्कॅन आज सकाळी साउथहॅम्प्टनला झाले. श्वासाबरोबर गाठ हलते, आणि ती किती हलते हे पाहून किरणांचा आराखडा ठरतो. म्हणून ‘नेहमीसारखा श्वास घ्या’ अशी सूचना होती.

परतताना गाडीत हे खुशीत म्हणाले, “प्राणायामासारखा संथ श्वास घेतला. एकदाही खोकलो नाही.”

“अहो, पण एरवी तुम्ही असा श्वास घेता कुठे?”

“परीक्षा माझी होती. नीट वागलो, त्यालाही तुझी हरकत?”

हरकत होतीच. आराखडा एका श्वासाचा आणि उपचार दुसऱ्या श्वासावर झाला, तर किरण गाठ सोडून निरोगी भागावर पडू शकतात. मी लगेच रुग्णालयात फोन केला. स्कॅन घेणारी रेडिओग्राफर म्हणाली, “बरे झाले सांगितलेत. उद्या पुन्हा स्कॅन करू.”

दुपारपासून हे सोफ्यावर पडून नेहमीसारख्या श्वासाचा सराव करत आहेत, आणि तो क्रमाक्रमाने बिघडतो आहे. मला एका जागी बसवत नाही.

माझ्याशी वाद घालताना त्यांचा श्वास अगदी नेहमीसारखा असतो. परंतु स्कॅनच्या खोलीत मला प्रवेश नाही. यातून गेलेल्यांनी सांगावे: तिथे आडवे झाल्यावर श्वासाचा विसर पडावा, म्हणून मी त्यांना विचार करायला काय देऊ?