पहिली कृती

शेजारचे दत्ताभाऊ वायरमनच्या परवान्याच्या परीक्षेला बसताहेत. वीस वर्षं परवान्याविना काम केलं, आता ठेकेदार कागद मागतो. रोज संध्याकाळी ते पुस्तक घेऊन येतात. मी प्रश्न विचारते आणि ते आमच्या पायरीवर बसून, डोळे मिटून उत्तरं देतात.

काल विचारलं, "सोबतचा माणूस तारेला चिकटला तर पहिली कृती कोणती?"

त्यांनी डोळे उघडले. धाकटा भाऊ त्यांच्याच हाताखाली काम करायचा. गेल्या वर्षी शॉक लागून गेला, त्यांच्यासमोर. हे मला प्रश्न वाचून झाल्यावर आठवलं.

"मेन स्विच बंद करणे," ते म्हणाले. मग हळूच, "मी आधी हाक मारली, वहिनी. दोनदा. स्विच माझ्या पाठीशीच होता."

आपलं माणूस संकटात दिसलं की तोंडातून आधी त्याचं नाव येतं. पुस्तक लिहिणाऱ्याला हे माहीत असणार. पाठांतर म्हणजे मायेला तेवढ्यापुरतं गप्प करणंच असावं.

मी पान उलटायला गेले.

"थांबा. हाच पुन्हा विचारा."

मी विचारला. माझं वाक्य अर्धं व्हायच्या आत ते म्हणाले, "मेन स्विच."