दुसऱ्या झऱ्याचं पाणी

झऱ्यात, झाडात, दगडात काही शक्ती असते हे मी कवितेपुरतंच मानत आले. व्यवहारात कधीच नाही. तरीही मागच्या मार्गशीर्षातली ती दुपार…

बाबा महाडला इतिहास शिकवायचे. त्यांची आवडती ग्रीक कथा – एका गुहेपाशी दोन झरे. पहिल्याचं पाणी विस्मृतीचं, दुसऱ्याचं स्मृतीचं. यात्रेकरूनं ओळीनं दोन्ही प्यायची. आता बाबा पहिल्यापाशीच थांबले होते. दोन वर्षांत त्यांनी मला एकदाही नावानं हाक मारली नव्हती. मला तेवढीच हवी होती.

त्यांना जरा मोकळी हवा मिळावी म्हणून पोलादपूरहून आंबेनळी घाटाच्या वाटेला लागलो. एका वाडीलगतच्या देवराईत, कुजत्या पाल्याच्या गार वासात, देवीचा झरा होता. मी बाटली काढली, तशी तिथं झाडलोट करणारी म्हातारी म्हणाली, "बाटली नको गो. हितलं पानी ओंजळीनंच प्यायाचं. आन् आधी नाव सांगायचं, कुनाची ते बी."

"देवीला ठाऊक नसतं का?"

"तिला ठावं हाय. आपल्याला ठावं हाय का, ते बघते ती."

बाबांना स्वतःचं नाव आठवेना.

"मंग तू सांग," ती हळूच म्हणाली.

"मी मनू. यांची मुलगी."

बाबांनी माझ्या ओंजळीला ओठ लावले आणि तसेच थांबले.

"मनू, हाताला शाईचा वास येतोय. पुन्हा कविता? भूगोलाच्या वहीत?"

तीस वर्षांत मी शाईला हात लावला नव्हता. त्या वहीविषयी कुणालाच सांगितलं नव्हतं, बाबांनाही नाही.

लोभ आवरला नाही. म्हातारीची पाठ वळताच मी बाटली भरून घेतली.

परतीच्या वाटेवर बाबा बोलत राहिले – आईविषयी, माझ्या पहिल्या सायकलीविषयी. महाडचा पूल आला आणि ते मिटले. घरी बाटली पाहिली. झाकण घट्ट होतं. आत थेंबही नाही. उघडून नाकाशी नेली… शाईचा वास.

डॉक्टर म्हणाले, असे उजेडाचे क्षण येतात. येत असतील. बाटलीचं मी त्यांना विचारलं नाही.

रोज संध्याकाळी बाबा अदबीनं विचारतात, "आपण कोण?" पूर्वी मी उठून स्वयंपाकघरात जायचे. आता समोर बसते आणि झऱ्यापाशी सांगतात तसं सांगते – मी मनू. तुमची.