अकरावीतून गेलेली नऊ मुलं

मी सर्वांत जास्त ऋणी कुणाचा असेन, तर आमच्या शाळेच्या परीक्षा विभागातल्या बाईंचा. वडिलांनी सायकल दुरुस्तीचं दुकान चालवून मला शिकवलं, ते ऋण वेगळं. ते कुणी मोजत नाही. बाईंची आठवण मात्र मला रोज कामावर बसलं की येते.

त्यांची एक सवय होती. मुलगा गुणपत्रिका घेऊन आला की त्या पुढची बाजू नीट वाचत, मान डोलावत, मग कागद उलटा करून मागची कोरी बाजू बघत आणि विचारत, "बरं. आणि पुढे?" नव्या मुलांना वाटे, मागे काही छापायचं राहिलंय. एकदा एका मुलाचे वडीलही चष्मा लावून मागची बाजू बघायला लागले होते. बाई हसल्या नाहीत. "तुम्हीच सांगा," म्हणाल्या, "तिथे काय लिहायचं?" ते गृहस्थ पाऊण तास बसले आणि जाताना मुलाच्या खांद्यावर हात टाकून गेले. येताना तो मुलगा त्यांच्या मागे चार पावलं अंतर ठेवून चालत होता, हे मी पाहिलं होतं.

मी गंगाखेडचा. घरातला पहिला पदवीधर, बी.एस्सी., तेही दुसऱ्या वर्गात. दोन हजार तेराच्या सुमारास मस्कतमधल्या एका भारतीय शाळेत कम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागलो. पहिल्याच दिवशी सवयीने "बाई" म्हणालो आणि जीभ चावली, कारण तिथे सगळेच त्यांना मॅम म्हणत. त्या म्हणाल्या, "राहू द्या हो. पुणं सोडल्यापासून मला कुणी बाई म्हटलेलं नाही. दिवसभर नुसतं मॅम, मॅम. शेळ्यांच्या कळपात बसल्यासारखं वाटतं."

तेव्हापासून शाळेत बाई म्हणणारा मी एकटाच.

त्यांचं खरं काम ऑक्टोबरात चाले आणि ते त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. आदल्या वर्षी बारावी झालेल्या प्रत्येक मुलाला त्या फोन करत. शाळा दीडला सुटली की कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन करक, म्हणजे तिकडचे वेलदोड्याचे कडक चहा यायचे, बाई नाण्याने फोनकार्ड खरवडायच्या आणि मी वहीतला नंबर वाचून दाखवायचो. बहुतेक मुलं भारतात कॉलेजात असत. फोन आईने उचलला की ठरलेलं वाक्य यायचं, "अगं बाई, शाळेतून? आता काय केलं त्याने?"

"काही नाही केलं. कसा आहे, एवढंच विचारायचंय."

पलीकडून मग दोनदा विचारलं जाई, खरंच शाळेतून ना? शाळेतून असाही फोन येतो, यावर विश्वास बसायला तेवढा वेळ लागायचा.

मुलांना त्या तीनच गोष्टी विचारत. काय करतोस? ते तू निवडलंस की तुझ्यासाठी कुणी निवडलं? आणि शाळेने काय शिकवायला हवं होतं, जे शिकवलं नाही? तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं मी वहीत लिहून घ्यायचो. 'बँकेत खातं कसं उघडायचं.' 'वर्गात हात वर करून समजलं नाही म्हणायचं.' 'एकट्याने एसटीने जायचं.' एकाने सांगितलं, 'कपडे धुवायला.'

एका वर्षीचा पहिला आलेला मुलगा इंजिनिअरिंगला गेला आणि तीन महिन्यांत परत आला. फोन केला तर तो इथेच, मस्कतमधल्या अझैब्याला, आईवडिलांच्या घरी. "मॅम, ॲक्च्युअली, मला तिकडे कुणाला काही विचारताच नाही आलं," तो म्हणाला. "मेसमध्ये पण नाही. आय जस्ट केम बॅक." बाईंनी त्याला दुसऱ्या दिवशी शाळेत बोलावलं आणि महिनाभर ऑफिसच्या खिडकीवर बसवलं. येईल त्याच्याशी बोलायचं, एवढंच काम. पुढच्या जूनमध्ये तो पुन्हा गेला, आणि टिकला.

तो परत आला त्याच वर्षी फॉर्ममध्ये एक नवा रकाना आला. आमच्यासारख्या शाळांवर देखरेख करणाऱ्या मंडळाने ठरवलं की यापुढे शाळेला श्रेणी देताना नुसता बारावीचा निकाल धरायचा नाही. शाळेतून बाहेर पडलेली मुलं पुढच्या शिक्षणासाठी आणि कामासाठी किती तयार होती, हेही मोजायचं. बाईंना इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. "बघा," त्या म्हणाल्या, "आपण चहा पीत पीत जे करत होतो, त्याला आता फॉर्म आला!"

तक्ता मी तयार केला. दोन दिवस खपून केला आणि आकडा असा सुरेख आला की प्राचार्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. माझं कंत्राट मार्चमध्ये संपत होतं. नूतनीकरणाच्या कागदावर सही त्यांचीच लागणार होती, त्यामुळे ती थाप मला फार गोड लागली.

बाईंनी तक्ता वाचला. "अकरावीत किती होती ही मुलं?"

मी आकडा सांगितला.

"आणि बारावीत नऊ कमी. ती नऊ कुठायत?"

"ती आपली नाहीत, बाई. टीसी घेऊन गेली."

ही तेव्हाची रीतच होती आणि फक्त आमच्या शाळेची नव्हती. अकरावीच्या शेवटी कच्च्या मुलांच्या पालकांना बोलावून गोड शब्दांत सुचवलं जाई की दुसरीकडे बघा, याला इथे झेपणार नाही. टीसी दिली की जनरल रजिस्टरात त्या नावावर लाल रेघ आणि माझ्या तक्त्यातून ती ओळ गायब. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आमच्या ऑफिसात लाल रेघ म्हणजे संपलं.

बाईंनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "यात लिहिलंय, अकरावीत दाखल झालेली सगळी मुलं. सगळी. फोन लावा."

नऊपैकी सहा सापडली. त्यातल्या एका मुलीचा नंबर तिच्या वडिलांचा निघाला. ते सोहारच्या औद्योगिक वसाहतीत वेल्डर होते, मूळचे कणकवलीकडचे. मागे यंत्रांचा आवाज होता. ते म्हणाले, "बाई, आमचा चेडू आता तुमच्या शाळेत खंय आसा? दाखलो तुम्हीच दिलास मां?"

बाई म्हणाल्या, "हो. आम्हीच दिला. तरी तिचा नंबर द्याल का?"

ती मुलगी आजोळी राहून बाहेरून बारावी झाली होती. आता कॉलेजात होती आणि सकाळी गावातल्या मुलांना इंग्रजी शिकवत होती. तिचं मराठी अडखळत होतं, पण आवाज ठाम होता. बाईंनी तिसरा प्रश्न विचारला. ती म्हणाली, "शिकवायला नको होतं काही, मॅम. मला जा म्हणाले ना, तेव्हा कुणीतरी विचारायला पाहिजे होतं, तू कुठे जाणार."

मी ते वाक्य वहीत लिहिलं. बाईंनी त्या दिवशी पुढचा फोन लावला नाही.

नऊ नावं धरली तेव्हा आकडा घसरला. जी सापडली नाहीत त्यांच्यापुढे बाईंनी 'माहीत नाही' लिहायला लावलं, आणि माहीत नसलेलं मूल तयार धरायचं नाही, असंही सांगितलं. शिवाय त्यांच्या म्हणण्याप्रमाणे परत आलेला तो पहिला नंबरवालाही त्या वर्षापुरता 'तयार नव्हता' मध्ये गेला. आमची पहिली श्रेणी हातची जाणार, हे आता कुणालाही दिसत होतं.

प्राचार्य वाईट नव्हते, घाबरलेले होते. "मॅडम, सब स्कूल क्लीन लिस्ट भेजते हैं," ते म्हणाले. "हम अकेले हरिश्चंद्र क्यों बनें?" मग माझ्याकडे वळून, "और तुम? तुमने तो पहले अच्छा बनाया था."

मला मार्च दिसत होता.

व्यवस्थापन समितीच्या सभेत बाई उठल्या आणि म्हणाल्या, "तक्ता यांनी केला आहे. तेच समजावून सांगतील." मला आधी काहीही सांगितलं नव्हतं. आयुष्यात मी कधी दहा माणसांपुढे इंग्रजीत बोललो नव्हतो. दोन वाक्यं इंग्रजीत झाली, मग गाडी हिंदीवर आली. मी आकडे सांगितले. दोन्ही आकडे, आधीचा आणि आताचा. आणि कसा कोण जाणे, पुढे म्हणालो, "सर, मी पण कच्चा होतो. कॉलेजात पहिले सहा महिने मला इंग्रजी लेक्चर समजत नव्हतं. माझ्या शाळेने मला काढलं असतं, तर मी आज ही यादी करायला इथे नसतो. मी कुणाच्याच यादीत नसतो."

समितीत मस्कतच्या जुन्या मत्रह बाजारातले एक जुने गुजराती व्यापारी होते. त्यांनी त्या मुलीच्या नावावर बोट ठेवलं. "भाई, ये लडकी को निकाला किसने?"

प्राचार्य पंख्याकडे बघत होते.

"मी," बाई म्हणाल्या. "शिफारशीवर सही माझी आहे. नऊच्या नऊ कागदांवर. आणि त्याआधीच्या वर्षांतही."

मला हे माहीत नव्हतं. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, जी दुसऱ्याची चूक सभेत उभी करतात. स्वतःची चूक स्वतः उठून सभेपुढे ठेवणारं माणूस मी तेवढं एकच पाहिलं. ती यादी त्यांच्याविरुद्धचा पुरावा होती, आणि तीच जावी म्हणून त्या भांडत होत्या.

व्यापारी म्हणाले, "तो फिर सच्चीवाली भेजो. खलास."

खरी यादी गेली. आम्हाला दुसरी श्रेणी मिळाली. वर्तमानपत्रात शेजारच्या शाळेचा फोटो आला. प्राचार्य महिनाभर बाईंशी कामापुरतंच बोलले आणि नव्या वर्षी परीक्षा विभाग त्यांच्याकडून काढून त्यांना ग्रंथालय दिलं. माझ्या कागदावर मात्र त्यांनी सही केली. का, ते मी कधी विचारलं नाही. त्या वर्षी अकरावीतून एकालाही टीसी दिली गेली नाही. दुपारी दीडनंतर कच्च्या मुलांचा वर्ग सुरू झाला आणि ग्रंथालयात बसणाऱ्या बाईच तो घेऊ लागल्या.

"शिक्षा म्हणून ग्रंथालय!" त्या हसायच्या. "अहो, इथे एसी चांगला आहे."

पुढे दोन वर्षांनी त्यांचे यजमान निवृत्त झाले आणि ती दोघं पुण्याला परत गेली. निरोप समारंभ त्यांनी नको म्हटलं. विमानतळावर मी पोचवायला गेलो, तेव्हा त्यांनी, त्यांच्याच आग्रहाने मी नाव घातलेल्या बी.एड.च्या परीक्षेची तारीख विचारली आणि आत निघून गेल्या. मी बी.एड. झालो. परीक्षा विभागाचं काम माझ्याकडे आलं. गेल्या महिन्यात मी त्यांना पत्र लिहिलं. फोन करता आला असता, पण फोनवर मला धड बोलता आलं नसतं. ते पत्र असं:

"तीर्थस्वरूप बाईंस, शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सर्व ठीक. यंदाचे सगळे फोन झाले, तिघे सापडले नाहीत, शोध चालू आहे. शाळेला नवे प्राचार्य आले आहेत. माणूस हुशार आहे. त्यांना या वर्षी पहिली श्रेणी हवी आहे आणि दोन आठवड्यांपूर्वी त्यांनी माझ्याकडे अकरावीतल्या एका मुलाच्या टीसीची शिफारस सहीसाठी पाठवली. मुलगा तीन विषयांत नापास आहे. गॅरेजमध्ये काकांबरोबर काम करतो आणि इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगतो. हे मला त्याला विचारल्यावर कळलं.

मी सही केली नाही. प्राचार्यांना जाऊन सांगितलं की हा आपला आहे, हा दुपारच्या वर्गात बसेल आणि याला बारावीनंतर फोन मी करेन. ते म्हणाले, विचार करतो.

बाई, तुम्ही सही केली तेव्हा तुम्हाला अडवायला कुणी नव्हतं. मला अडवायला तुम्ही होतात. एवढंच सांगायला हे पत्र लिहिलं.

आपला नम्र.

ता. क. तो कागद सही न करता मी परत पाठवला, त्याला आज बारा दिवस झाले. अजून तो कुणी पुन्हा आणलेला नाही. मुलगा रोज येतो."