हं म्हटल्याशिवाय पातं नाही

विद्यापीठाच्या सिनेमा महोत्सवात आपलं काम पडद्यावर दिसणार म्हणून काकू सकाळपासून हवेत होत्या. तीस वर्षं विद्यार्थ्यांचे प्रबंध बांधून देणारी बाई. फाटकाजवळच्या त्या बाइंडिंगच्या दुकानाकडे कोण कशाला कॅमेरा वळवेल? पण भिंगरीने वळवला. भिंगरी म्हणजे सिनेमाच्या वर्गातली मुलगी, एका जागी दोन मिनिटं बसेल तर शपथ! चार दिवस तिने काकूंचे हात टिपले होते, आणि आज बाहेरून आलेल्या एका मोठ्या दिग्दर्शिकेसमोर तो सिनेमा लागणार होता.

शेजारी काका. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच उरलेलं, तरी कडक इस्त्रीचा शर्ट घालून नवरदेवासारखे बसलेले.

दिवे गेले. पडद्यावर सुई, दोरा, काकूंची बोटं. आणि मग काकूंचाच आवाज आला, "दिवा विझला ना गं? मग बोलते."

हे बोलणं सिनेमात कसं आलं? कॅमेऱ्याचा लाल दिवा विझला की सगळं बंद, असं त्या धरून चालल्या होत्या. आवाज वेगळ्याच डबीत भरतात आणि ती डबी डिंकाच्या भांड्यामागे चालूच होती, हे त्या बापडीला काय ठाऊक! भिंगरीने रीतसर विचारलंही होतं, "काकू, तुमचं बोलणं घेऊ ना?" तर "घे की," म्हणून मोकळ्या झाल्या होत्या.

आणि तिसऱ्या दिवशी, दिवा विझलेला बघून, त्यांनी तिला ते सांगून टाकलं होतं. एकवीस वर्षांत कुणालाच न सांगितलेलं.

कागद कापायच्या मशीनवर तेव्हा दोघं मिळून काम करत. काकांनी गठ्ठा पात्याखाली सारखा करायचा, हात बाहेर काढून "हं" म्हणायचं, मग काकूंनी दांडा ओढायचा. हं म्हटल्याशिवाय पातं खाली येणार नाही, हा धंद्यातला पहिला नेम. त्या दिवशी प्रबंध जमा करायची शेवटची तारीख, दारात ही गर्दी, आणि काकूंनी वाट बघितली नाही. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर काकांनी विचारलं, "मी हं म्हटलं होतं का गं?" काकू घाबरलेल्या. कशाबशा म्हणाल्या, "हो, म्हणालात की." झालं! तेच कायमचं खरं होऊन बसलं.

पडद्यावरचा आवाज पुढे सरकत होता. डिंक, पुठ्ठा, शिवण. "आमचे हे फार चोख काम करायचे," आवाज म्हणाला. काकूंनी खुर्चीचा हात गच्च धरला.

"काय होतंय? पाणी आणू?" काका कुजबुजले.

"गप्प बसा हो!"

"त्या दिवशी काय झालं..." आवाज म्हणाला, आणि पडदा काळा झाला. नावं वर सरकू लागली. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतून भिंगरीने मागे वळून काकूंकडे बघितलं आणि नकारार्थी मान हलवली. पोरीने ते कापलं होतं. सुटले रे देवा, म्हणत काकूंनी डोळे पुसले.

दिग्दर्शिका माइक घेऊन उठल्या. "चोख काम करायचे, असं म्हणाल्या त्या. मग आता का करत नाहीत?"

माइक फिरत काकांकडे आला. काकांची कळी खुलली. "अहो बाई, स्वतःची बोटं तोडायचा हुकूम स्वतःच देणारा माणूस बघितलाय कधी? हं म्हटलं की पातं खाली, आणि मी हात आत असतानाच हं! बायकोने जन्मात एकदाच माझं ऐकलं, ते नेमकं तेव्हा!"

सभागृह खो खो हसलं. दिग्दर्शिकासुद्धा हसल्या. हा किस्सा काका दुकानात, लग्नात, बँकेच्या रांगेत, भेटेल त्याला सांगत, आणि काकू दरवेळी पदर तोंडाला लावून हसत. आज हसू येईना. आता कुणालाच काही कळणार नव्हतं, आणि तेच त्यांना सहन होईना. त्यांनी नवऱ्याच्या हातातून माइक घेतला.

"यांनी हं म्हटलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "मीच थांबले नाही. दवाखान्यात मी खोटं बोलले."

काका बायकोकडे वळले.

"बोटांचं राहू दे," ते म्हणाले. माइक चालूच होता. "इतकी वर्षं मी हे लोकांना सांगतोय. आणि तू शेजारी उभी राहून हसायचीस."